टाळीच्या आधीचं वाक्य

“वडील बोलायचं विसरले असतील, या वयात होतं असं.” हे मी बेथनला ईमेलमध्ये लिहिलं, तेव्हा माझ्या एका हातात सँडविच होतं. मूळ रेकॉर्डिंग उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. मी बघितलं नाही. पंधरा वर्षं हेच काम करतेय, मला कोण शिकवणार, असा माज होता.

काम म्हणजे पॉडकास्ट एडिटिंग. लोक बोलतात आणि मी त्यातलं खोकणं, अडखळणं, चुकलेली वाक्यं कापते. आधी पुण्यात करायचे, आता इंग्लंडात मिल्टन कीन्सला घरातल्या चिमुकल्या बॉक्सरूममध्ये बसून करते. माझा प्रोड्यूसर नील लंडनच्या पिनरमध्ये जन्मला, तिथेच वाढला. माझ्याशी हट्टाने मराठीत बोलतो, मेधाताई म्हणतो आणि स्त्रीलिंगी-पुल्लिंगीची पार भेळ करतो.

आमचा एक पॉडकास्ट आहे एका जुन्या ब्रिटिश कॉमिकवर, ‘ब्रेंडाची बस’. एक बसकंडक्टर बाई आणि तिचे वल्ली प्रवासी. दर आठवड्याला दोन पानं, अशी तीसेक वर्षं चालली. आमचे दोन होस्ट एकेका वर्षाचे अंक पुढ्यात घेऊन तासभर बोलतात. एपिसोड आला रे आला की फोरमवर फॅन मंडळी तुटून पडतात. साठीची माणसं, पण ब्रेंडाच्या टोपीचा रंग कुठल्या अंकात बदलला यावरून हमरीतुमरीवर येतात. मी हसायचे त्यांना.

त्या काळी अशा कॉमिकमध्ये चित्रकाराला सही करू देत नसत. त्यामुळे कुठलं पान कोणाचं, हे फॅन हाताच्या वळणावरून ओळखतात. बरीचशी पानं ग्विन नावाच्या चित्रकाराची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण मधली काही पानं वेगळी होती, सगळ्यांत सुंदर. त्यात गर्दीतल्या शेवटच्या माणसाच्यासुद्धा बुटाची नाडी निगुतीने काढलेली असे. ती कोणी काढली हे फॅनपैकी कोणालाच माहीत नव्हतं. त्या अनोळखी हाताला फोरमवर ‘लेसेस’ म्हणत.

ग्विन आता शहाऐंशी वर्षांचे आहेत, कार्डिफला मुलीकडे राहतात. ती मुलगी म्हणजे बेथन. इतकी वर्षं त्यांनी मुलाखत दिली नव्हती, यंदा स्वतःहून तयार झाले. होस्टनी प्रश्न लिहून पाठवले. कोणी समोर असलं की ते बुजतात, म्हणून बेथन स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन सुरू करून बाहेर गेली. ते रेकॉर्डिंग आमच्या ॲपमधून थेट माझ्याकडे आलं, तिच्या फोनवर राहिलं नाही. मी कापून दिलेलं होस्टनी ऐकलं आणि त्यावर आपल्या गप्पा केल्या. म्हणजे म्हातारबा खरोखर काय बोलले, ते ऐकण्याची संधी जगात फक्त मला होती.

आता टाळीचं सांगते. पाहुण्यांना मी एक सूचनांचा कागद पाठवायचे. त्यात लिहिलेलं असे: चुकलात तर एक टाळी वाजवा आणि वाक्य पुन्हा म्हणा. स्क्रीनवर आवाजाची रेघ दिसते, तिच्यात टाळी सुळक्यासारखी उभी राहते. सुळका दिसला की त्याच्या आधीचं बोलणं मागच्या पॉजपर्यंत कापायचं. ऐकायची गरज नाही, असं मी मानत असे. ग्विनच्या रेकॉर्डिंगमध्ये असे नऊ सुळके होते. चहा गार व्हायच्या आत मी नऊही उडवले आणि वर नीलला म्हटलं, शहाणे पाहुणे आहेत, सूचना वाचतात.

एपिसोडमध्ये ग्विनच्या तोंडी आलं ते असं: “‘लेसेस’ची पानं माझीच, असं मी घरी आणि मित्रांना कायम सांगत आलो. आणि खरं सांगू? त्या कॉमिकमध्ये याहून चांगलं काम कोणी केलं नाही.” होस्टनी त्यांच्या नम्रपणावर विनोद केले. फोरमवर तर वणवा पेटला. एकाने ग्विनने काढलेले बूट आणि ‘लेसेस’चे बूट शेजारी शेजारी लावून दाखवलं, की हा हात एका माणसाचा असूच शकत नाही. दुसऱ्याने लिहिलं, दुसऱ्याचं काम ढापताना या वयात तरी लाज वाटायला हवी होती.

तिसऱ्या दिवशी बेथनची ईमेल आली. वडिलांनी जोनचं नाव घेतलं होतं ना? जोन त्यांच्या शेजारच्या टेबलावर काम करायची, गेल्या वर्षी वारली. तिचं नाव सांगायचं म्हणूनच तर ते बोलायला तयार झाले होते. त्यावर मी काय उत्तर दिलं, ते सुरुवातीलाच सांगितलंय.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ईमेल. “उगाच त्रास दिला, सॉरी. डॅड म्हणतात, आपणच विसरलो असणार. पुन्हा रेकॉर्ड करून पाठवलं तर चालेल का?”

त्या ‘सॉरी’ने कुठेतरी टोचलं. तेव्हा कुठे मी मूळ फाइल उघडली. ग्विन म्हणत होते, “‘लेसेस’ची पानं माझीच, असं मी घरी आणि मित्रांना कायम सांगत आलो.” मग मोठा पॉज. मग म्हणाले, “ते खोटं होतं. ती सगळी जोनने काढली.” आणि त्यांनी टेबलावर थाडकन हात आपटला. आठ टाळ्या खऱ्या होत्या. नववी टाळी नव्हती.

 आणि आता जे लिहितेय ते लिहायची इच्छा नाही. मी बेथनला उत्तर दिलं, “चालेल, पाठवा.” बस, एवढंच. नवं रेकॉर्डिंग येईल, पुढच्या एपिसोडमध्ये लावू, फोरम थंड होईल, कोणाला कळणार नाही. सुंठीवाचून खोकला जाईल, असं मी ठरवून टाकलं.

दोन दिवसांनी ते आलं. म्हातारबा कागदावरून वाचत होते. कागदाची सळसळही ऐकू येत होती. “मागच्या वेळी जोनचं नाव घ्यायचं माझ्याकडून राहिलं. हल्ली माझ्या लक्षात राहत नाही. माफ करा.” मी हेडफोन काढून ठेवले. मला माझीच किळस आली. त्यांची चूक म्हणून मी जे कापलं होतं, त्यासाठी ते माझी माफी मागत होते.

नीलला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, “ताई, ती जुना फाइल बदलून टाकू. ‘टेक्निकल एरर’ लिहू. झाला.”

“टेक्निकल काही नव्हतं, नील. मी ऐकलं नाही. आणि कळल्यावर गप्प बसले.”

 तो म्हणाला, होस्टशी मी बोलतो, तू कार्डिफला जा, हे ईमेलवर नको.

शनिवारी गेले. तीन तास गाडी चालवताना मनात चांगली चांगली वाक्यं जुळवली होती. बेथनने दार उघडलं आणि सगळी पळाली. स्वयंपाकघरात तेच टेबल होतं. मी आधी बोलून टाकलं, दुसऱ्या रेकॉर्डिंगच्या आधीच मला कळलं होतं हेसुद्धा. मग लॅपटॉपवर मूळ बोलणं लावलं.

ग्विन मान खाली घालून ऐकत होते. हात आपटल्याचा आवाज आला. त्यांनी बोटाने खूण केली, पुन्हा. मी पुन्हा लावलं.

“म्हणजे मी म्हटलं होतं,” ते म्हणाले. मग मुलीकडे वळून, “बेथन, मी म्हटलं होतं.”

बेथन सिंकपाशी आमच्याकडे पाठ करून उभी होती. वळली नाही. माझी ईमेल आल्यावर तिने जीपीकडे, म्हणजे त्यांच्या फॅमिली डॉक्टरकडे, वडिलांची मेमरी टेस्ट ठरवली होती, येत्या मंगळवारची. चार रात्री ते झोपले नव्हते. हे तिने आवाज न चढवता सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी माफी मागितली. ग्विनने ती बाजूला सारली आणि विचारलं, एपिसोडच्या शेवटी तुमचं नाव घेतात का? मी म्हटलं, घेतात.

“आमचं कोणी घेत नसे,” ते म्हणाले. “म्हणून तर जोनचं काम मला माझं म्हणता आलं. या वेळी तुम्ही नाव घेऊन सांगा.”

पुढचा एपिसोड माझ्या आवाजात सुरू झाला. नाव, काय कापलं, कळल्यावर किती दिवस गप्प बसले, सगळं सांगितलं. मग ग्विनचं वाक्य, टेबलावरच्या हातासकट. दुसरं रेकॉर्डिंग मी बेथनला विचारून डिलीट केलं. मंगळवारची टेस्ट त्यांनी रद्द केली. फोरमवर ‘लेसेस’चं नाव आता जोन आहे. लाज काढणाऱ्या गृहस्थाने ग्विनची माफी मागितली आणि तेच वाक्य मला उद्देशून लिहिलं.  जुना एपिसोड किती जणांच्या फोनवर तसाच पडलाय कोण जाणे. त्यांच्याकडे ग्विन अजून बढाईच मारतायत.

सूचनांच्या कागदावर टाळीची ओळ आता नाही. तिथे लिहिलंय: चुकलात तर थांबू नका, बोलत राहा, मी ऐकेन. कामाला दुप्पट वेळ लागतो. नील कुरकुरतो. कुरकुरू दे.