वारा उना

आमचं घर गावात नाही, शेतात आहे. धुळ्याहून साक्रीच्या अंगाला जाताना डोंगरावर मोठमोठे पंखे दिसतात, त्यांच्या खालच्या बाजूला. अंधार पडला की त्या पंख्यांच्या डोक्यावर लाल दिवे लुकलुकतात. त्यांची वीज कुठे जाते ते मला माहीत नाही. आमच्याकडे येत नाही एवढं माहीत आहे. आम्हाला फक्त विहिरीवरच्या मोटारीची लाईट. ती येते तिच्या मर्जीने, आणि संध्याकाळी नेमकी नसते. माझी बायको ओट्यावर बसून त्या दिव्यांकडे हात करायची आणि म्हणायची, "देखा, वाराना घर लाईट शे, आपलाच घर नही."

ती मागच्या पोळ्याच्या आधी गेली.

त्यानंतर मुलगा जळगावहून फोन करायचा आणि त्याचं बोलणं एकच. "बाबा, अंधारात एकटे काय करता? तिथे साप निघतात. इकडे फ्लॅटवर या." मी नाही म्हणायचो. शेवटी तो म्हणाला, "अखाजीला येतो, आईची घागर भरू. तोवर घरात रात्रीच्या लाईटची सोय झाली तर राहा. नाही झाली तर गाडीत बसायचं. मग काही ऐकणार नाही." अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, त्या दिवशी आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. मी हो म्हणून बसलो. दिलेला शब्द मी फिरवत नाही, त्यामुळे हो म्हटल्यावर घाम फुटला.

फ्लॅट चांगला आहे. सूनही चांगली आहे, उगीच वाईट कशाला म्हणू. पण तिथल्या एकाही भिंतीला माझ्या बायकोने पोतेरा फिरवलेला नाही. मी तिथे बसून काय बघू?

सोलरची पाटी होती आमच्याकडे. वानरांनी तिच्यावर नाचून तिचा चुरा केला. मुलगा म्हणाला, दुसरी घेऊ. मी म्हणालो, वानरं मेली का? आणि खरं सांगायचं तर पाटी मुकी असते. ऊन खाते आणि गप पडून राहते. घरात आधीच सगळं गप होतं. मला काहीतरी फिरणारं, घुंई घुंई करणारं पाहिजे होतं. म्हणून पंखा.

धुळ्याचा एक वेल्डिंगवाला मिस्तरी ओळखीचा होता. आमची औतं, दारं, सगळं त्याच्याच हातचं. सुरतेला कोणाच्या तरी गच्चीवर त्याने असा लहान पंखा पाहिलेला होता. तो तिकडून सामान घेऊन आला. तीन पाती, मागे शेपूट, मधे डायनामो, खाली बॅटरी आणि एक डबा. डब्यावर बारीक दिवा. म्हणाला, "नाना, हा दिवा हिरवा झाला की समजायचं, माल आत चाललाय."

मी म्हणालो, घराला लागूनच उभा कर, मला आवाज आला पाहिजे. त्याने घराशेजारी, निंबाजवळ पाईप उभा केला, चारी बाजूंनी तारेचे ताण दिले. बांधावरून शेजारी बघत होता. ओरडला, "नाना, या पंखाघाई पानी पयी जाई बरं!" आमच्याकडे अजून पुष्कळ लोकांना वाटतं की पंखा ढग पळवून लावतो. मी म्हणालो, "तुन्हा वावरमा पानी पडस तरी का?" तो हसत निघून गेला.

पंखा काही नीट फिरेना. वारा यायचा, निंबाला आपटायचा आणि गोल गोल व्हायचा. पंखा घटकेत इकडे तोंड करायचा, घटकेत तिकडे. हरवलेल्या म्हाताऱ्यासारखा. डब्यावरचा दिवा हिरवा व्हायचं नाव नाही.

मिस्तरी म्हणाला, "झाड तोडा."

"तुझा हात तोडीन," मी म्हणालो. तो निंब तिने लावलेला. त्याच्याखाली बसून ती धान्य निवडायची.

"मग दुसरी जागा दाखवा. तुमच्या शेतात मोकळा वारा लागतो कुठे?"

वारा येतो पश्चिमेकडून, ते पोरालाही कळतं. पण लागतो कुठे? जन्म गेला या मातीत आणि मला सांगता येईना. मग खळं आठवलं.

मळणीयंत्र आल्यापासून खळ्यावर कोणी जात नाही. पण ती घरापुरती तूर आणि मूग शेवटपर्यंत तिथेच उपणायची. तिवईवर उभं राहून सुपातून धार सोडायची, दाणा खाली पडायचा, भुसा वारा न्यायचा. तिवईवर चढतो तो पुरुष. पण माझा खांदा बैलाने मोडलेला, हात खांद्याच्या वर जात नाही. म्हणून आमच्या घरी ती वर आणि मी खाली पाट्या भरून द्यायला. गाव हसायचं. "नाना, तुमना घर बाई वर चढस." हसू दे. माझं तोंड पाटीत असायचं, नाकात भुसा. वारा कधी येतो हे तिने सांगायचं. ती सूप धरून थांबायची, तोंड वर करून, आणि एकदम म्हणायची, "उना!" आला, म्हणजे वारा आला. मी पाटी वर द्यायचो. रस्त्यावरून जाणारं कोणीतरी हमखास विचारायचं, "अक्का, कोण उना?" ती धार न थांबवता म्हणायची, "तुन्हा सासरा उना, त्याले पानी दे!"

मी गोठ्यातून तिवई काढली. एक पाय हलत होता. खळ्यावर नेली आणि चढलो. मिस्तरी धावत आला. "उतरा नाना, मराल!"

"मेलो तर सुटलास," म्हणालो.

खाली पान हलत नव्हतं. वर डोकं गेलं आणि गार वारा तोंडावर आला. सरळ, न अडखळता. मी तसाच उभा राहिलो. एवढी वर्षं ती या वाऱ्यात उभी होती आणि मी खाली घामाने निथळत होतो. वर इतकं गार आहे हे तिने कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नसेल म्हणा.

"इथे," मी म्हणालो.

"वायर फार लांब जाईल. लाईट मंद पडेल."

"पडू दे."

पुन्हा खड्डा, पुन्हा ताण. सगळं जोडून झालं ते अखाजीच्या दिवशी दुपारी. मिस्तरीचा सण नव्हता म्हणून आला. मीच त्याला सांजोरी खाऊ घालून पाठवला. बॅटरी रिकामी होती आणि वारा पडलेला होता.

मुलगा आणि सून सकाळीच आले होते. तिच्या नावाची घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. सुनेने न सांगता माझे कपडे एका पिशवीत भरले आणि पिशवी गाडीच्या डिक्कीत गेली. ऊन कललं. मुलगा ओट्यावर बसला. पंख्याकडे बघायचा, मग माझ्याकडे. मी खळ्याकडे पाठ करून बसलो, बघवत नव्हतं.

दिवस मावळायला आला आणि मानेला गार लागलं.

"उना!" माझ्या तोंडून मोठ्याने निघालं.

मुलाने चटकन रस्त्याकडे पाहिलं. "कोण आलं?"

उत्तर तोंडात आलं होतं. पण सून दारात उभी. तुझा सासरा आला म्हणालो असतो तर बिचारी पदर सावरत पाणी आणायला गेली असती. मी नुसतं खळ्याकडे बोट केलं. शेपूट फिरलं, पात्यांनी तोंड पश्चिमेला केलं, आणि मग पाती दिसेनाशी झाली, नुसतं गोल. घुंई आवाज इथपर्यंत आला, बारीक. तिकडे डब्यावरचा दिवा हिरवा झाला, ओट्यावरून ठिपक्याएवढा दिसला. चांगला अंधार पडेपर्यंत थांबलो, मग बटण दाबलं. ओट्यावरचा बल्ब लागला. मंद, पिवळा, पण भाकरी दिसेल एवढा.

मुलाने बल्बकडे पाहिलं. म्हणाला, "थंडीत वारा नसतो. तेव्हा?"

"तेव्हा लवकर झोपेन."

तो उठला, डिक्की उघडली, पिशवी काढून ओट्यावर ठेवली. भांडला असता तर बरं वाटलं असतं. सून पाया पडली. गाडी निघाली, मागचे लाल दिवे बांधाच्या वळणावर दिसले आणि गेले. मला जे पाहिजे होतं ते मिळालं होतं. भरलेली घागर आणि मी, दोघंच उजेडात बसलो होतो.

आता रोज संध्याकाळी वारा येतो. मी म्हणतो, "उना." मोठा रस्ता पलीकडून झाल्यापासून आमच्या वाटेने फारसं कोणी येत नाही. तरी म्हटल्यावर जरा थांबतो. कोणी विचारलं तर उत्तर तयार आहे.