आगाताचा पाट

ब्लाझेनाला कोणी हट्टी म्हटलं तर राग यायचा नाही. "मऊ असते तर कुणीही लाटलं असतं," म्हणायची आणि कढईतला लांगोश, म्हणजे तळलेली जाड रोटी, उलटायची. आगाता तळ्याच्या बांधावर तिची टपरी होती. लग्न झाल्यापासूनचा प्रत्येक उन्हाळा तिने तिथे, तेलाच्या आणि लसणाच्या वासात काढला होता. नवरा गेला त्या वर्षीसुद्धा तिने टपरी उघडली. घरी बसून भिंतींशी काय बोलायचं?

पुढे एका वर्षी मार्चमध्ये नगरपालिकेचा माणूस बांधावर आला. तळ्याकडे बघून त्याने तोंड वाकडं केलं. तसं तळंही बघवत नव्हतं. काठाला सगळा चिखल, पाणी मध्यभागी अंग चोरून बसलेलं. तो म्हणाला, जून संपेपर्यंत पाणी दगडी पायरीला लागलं नाही तर यंदा पोहणं बंद. गाळात कोणी रुतलं तर जबाबदारी कोण घेणार?

"आणि लागलं तर?" ब्लाझेनाने विचारलं.

"लागायला आणणार कुठून, बाई?"

"ते मी बघते. लागलं तर काय, तेवढं सांगा."

"लागलं तर पोहा," तो म्हणाला आणि गाडीत बसला.

श्त्यावनित्साच्या डोंगरांत अशी तळी पुष्कळ आहेत. जुन्या खाणवाल्यांनी पाण्याच्या जोरावर यंत्रांची चाकं फिरवायला घळींत बांध घातले. खाणी मेल्या आणि तळी आम्हाला डुंबायला उरली. आगाता त्यातलं लहानसं, पण जुलैच्या पहिल्या रविवारी अख्खं गाव तिथे लोटतं. आज्या, सुना, पोट सुटलेले मास्तर, सगळे बांधावरून समोरच्या पाइनच्या काठापर्यंत एकत्र पोहत जातात आणि परत येऊन कुडकुडत टपरीपुढे रांग लावतात. ब्लाझेनाला त्या रांगेत सगळं गाव एकदम भेटायचं. ते बंद झालं तर आपण नुसती एक म्हातारी होऊ, याची तिला मनापासून भीती वाटत होती.

आगाताला ना नदी, ना झरा. डोंगराच्या कुशीतून आडवा जाणारा एक पाट उतारावरचं पावसाचं आणि बर्फाचं पाणी गोळा करतो आणि तळ्यात सोडतो. ब्लाझेनाचे बाबा त्या पाटाचे पाटकरी. ते गेले आणि पाटाला वाली उरला नाही. पाला कुजला, दगड ढासळले, पाणी वाटेतच डोंगराखाली सांडायला लागलं. पाऊस कमी म्हणून सगळे आभाळाच्या नावाने बोटं मोडत होते. ब्लाझेनाने बाबांचं फावडं काढलं.

"ब्लाझका, पाट साफ करतेस की पळून जायला भुयार खणतेस?" गेझाने विचारलं. गेझा म्हणजे तिच्या नवऱ्याचा मित्र, एकेकाळचा बस ड्रायव्हर, एप्रिलपासूनच पोहण्याची चड्डी घालून बांधावर बसणारा.

"तुझ्या तोंडापासून लांब जायचं तर भुयारच लागेल. घे कुदळ आणि ये."

"माझी कंबर धरते गं."

"तुला कंबर आहे कुठे? छाती संपली की पोट."

गेझा आला, दोन दिवस राबला आणि खरोखरच कंबर धरून झोपला. ब्लाझेना एकटी खणत राहिली.

वाटेत एका ठिकाणी पाट फुटतो. उजवा फाटा आगाताला, डावा डोंगरापलीकडच्या साबीना तळ्याला. दोन्ही तोंडांना दगडात खाच आहे आणि दोन्हींत मिळून एकच जाड फळी. जी बाजू साफ करायची तिच्या खाचेत फळी बसवायची, म्हणजे पाणी दुसरीकडे जातं. खाली पाट दगडी बोगद्यातून जातो. आत कोणी वाकून गाळ काढत असेल आणि वरून पाणी सुटलं, तर माणूस जागच्या जागी बुडेल. म्हणून फळी ज्याने लावली त्यानेच काढायची, दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही. बाबांनी हे दोन्ही पोरांना थपडा देऊन शिकवलं होतं.

दुसरं पोर म्हणजे वेंडेलीन, ब्लाझेनाचा धाकटा भाऊ. बाबांच्या मागे तो साबीनाला गेला आणि तिथे उन्हाळी बंगलीवाल्यांना बोटी भाड्याने द्यायला लागला. बापाचं तळं टाकून पेडलच्या बोटींना रंग देत बसतो, हे ब्लाझेनाने मनाला लावून घेतलं. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. चर्चमध्ये समोरासमोर आलेच तर एकमेकांच्या टोप्यांकडे बघायचे.

तिने उजव्या खाचेत फळी बसवली, फटीत जुन्या एप्रनच्या चिंध्या कोंबल्या आणि आधी आगाताचा फाटा मोकळा केला. बोगद्यात तर ती रांगत गेली. मग फाट्याच्या वरचा पाट घेतला आणि कुजका पाला उपसत डोंगरमाथ्यापर्यंत पोचली. हाताला फोड आले, फुटले, तिथली कातडी निबर झाली. शेवटचा दगड लावला आणि माथ्यावरून सरळ जंगलाच्या रस्त्याने घरी उतरली. त्या दिवशी तिने स्वतःसाठी लांगोश तळला, वर भरपूर चीज घातलं आणि चवीने खाल्ला.

मग आभाळ रुसलं. पाट कोरडा, तळं तसंच. अखेर जूनमध्ये एका सकाळी ढग डोंगरावर टेकले आणि धो धो पाऊस सुरू झाला. लोक छत्र्या आणि बिअर घेऊन बांधावर जमले. सगळ्यांची नजर पाटाच्या तोंडावर. दुपार झाली तरी तिथून कुत्र्याने तंगडी वर केल्याइतकी धार येत होती. तेवढ्यात साबीनाकडून आलेल्या कोणीतरी सांगितलं, "तिकडे तर पाट दुथडी वाहतोय."

ब्लाझेनाचं डोकं फिरलं. "वेंडेलीन!" ती सगळ्यांसमोर ओरडली. "मेला चोर! मी हाडं झिजवली आणि पाणी ह्याने पळवलं. माझ्या बापाच्या पोटी चोर निपजला!" लोकांनी माना डोलावल्या. साबीनावाल्यांबद्दल वाईट ऐकायला आगाताकाठी सगळे नेहमीच तयार असतात. ब्लाझेना फावडं खांद्यावर टाकून तशीच पावसात निघाली.

फाट्यावर पोचली आणि उभीच राहिली. पाणी खळाळत डावीकडे, साबीनाला जात होतं. फळी उजव्या खाचेत होती. फटीत एप्रनच्या चिंध्या होत्या, निळ्या फुलांच्या, तिच्याच.

ती दगडावर मटकन बसली. लहानपणी पाट साफ व्हायचा तेव्हा ती आणि बाबा खाली खणायचे आणि वेंडो फळीजवळ बसायचा. काम झालं की बाबा ओरडायचे, "वेंडो, सोड!" फळी काढणं तिच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. फावडं ती विसरली नव्हती. फळी विसरली होती.

"चोर शोधायला आलीस?" समोरच्या वाटेने वेंडेलीन वर आला होता, रेनकोटमधून पाणी गळत होतं. "गेझाचा फोन होता. म्हणाला, ब्लाझका फावडं घेऊन तुझ्या जिवावर उठलीय."

तिने फळीकडे बोट केलं. "कधी बघितलीस?"

"एप्रिलमध्ये."

"आणि काढली नाहीस?"

"तुझी फळी. तू बोगद्यात आहेस की घरी, मला काय स्वप्न पडतं?"

"मग सांगायचं तरी!"

"आपण बोलतो कुठे, ब्लाझा?"

हार मानायची तिला सवय नव्हती. "बरं झालं की तुला. फुकटचं पाणी मिळालं."

"पाणी?" वेंडेलीन कडवट हसला. "तू वरचा कुजका पाला मोकळा केलास, तो कुठे गेला असं वाटलं तुला? बर्फ वितळलं तेव्हा पाण्याबरोबर सगळा माझ्याकडे आला. काठाला गुडघाभर गाळ आहे. बोटी रुतून बसल्यात. बंगलीवाले येतात, नाक धरतात, परत जातात. बायको म्हणाली, काढ ती फळी. म्हटलं, नाही, आत माझी बहीण असेल."

लाजेने ब्लाझेनाचे कान तापले. उठली आणि फळीला हात घातला. लाकूड पाण्याने फुगलं होतं, हलेना. वेंडेलीन बघत उभा होता, हात मागे घेऊन.

"धर ना!" ती म्हणाली.

"धरू?"

"धर म्हणते ना."

दोघांनी मिळून ओढली आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं, "वेंडो, सोड!" फळी सुटली. तिने ती डाव्या खाचेत बसवली. पाणी क्षणभर घोटाळलं आणि उजवीकडे वळलं.

"खाली जाऊन सांग, चोराने घाबरून पाणी सोडलं," वेंडेलीन म्हणाला. "मला शिव्या खायची सवय आहे. तुला त्यांच्यात दिवस काढायचेत."

"नाही," ब्लाझेना म्हणाली आणि पळत सुटली.

पळायलाच हवं होतं. पाणी आलं की लोक टाळ्या पिटणार, बिअर फोडणार, मग तिचं कोण ऐकणार? आणि तिचा भाऊ जन्माचा चोर राहणार. पाटात पाण्याचं टोक पाला ढकलत तिच्या शेजारून येत होतं. ती दोनदा घसरली, गुडघा फुटला. पाणी बोगद्यात शिरलं तेव्हा तिने वळणाची वाट सोडली आणि सरळ उतारावरून बांध गाठला.

"ऐका!" ती टपरीसमोरच्या बाकावर चढली. धाप लागली होती. "पाणी वेंडेलीनने चोरलं नाही. फळी माझी होती. मी काढायची विसरले. वर माझा सगळा गाळ त्याच्या तळ्यात गेला आणि त्याने तोंडातून ब्र काढला नाही. मी त्याला तुमच्यासमोर चोर म्हटलं, म्हणून तुमच्यासमोर सांगतेय. चोर नाही तो."

गेझा म्हणाला, "म्हणजे माझी कंबर साबीनासाठी गेली?" आणि लोक हसले, मोठ्याने, बराच वेळ.

"हसा," ब्लाझेना म्हणाली. "मला हवं तेवढं हसा. वेंडेलीनला कोणी चोर म्हटलं तर त्याला माझ्याकडे लांगोश नाही." ती बाकावरून उतरत होती तेव्हा पाटाच्या तोंडातून गढूळ पाणी धाडकन तळ्यात पडलं.

पाऊस टिकला. महिना संपायच्या आत पाणी दगडी पायरीला लागलं. नगरपालिकेच्या माणसाने येऊन बघितलं आणि बंदीची पाटी गाडीतून काढलीच नाही. जुलैच्या पहिल्या रविवारी अख्खं गाव आगाताला लोटलं, पोहून पलीकडे गेलं, परत आलं आणि टपरीपुढे कुडकुडत उभं राहिलं. टपरीचं शटर बंद होतं.

ब्लाझेना साबीनाच्या काठाला उंच रबरी बूट घालून पाण्यात उभी होती आणि दाताळ्याने गाळ ओढत होती. वेंडेलीन बोटघरातून बाहेर आला.

"आज आगाता उघडलं ना? तू इथे काय करतेस?"

"दिसत नाही? माझा गाळ आहे तो."

तो आत गेला, दुसरं दाताळं घेऊन आला आणि पाण्यात उतरला.

"अलीकडे सरक," तो म्हणाला. "तिथे खोल आहे. तिकडचं मी काढतो."