सोळाव्या आठवड्यात

मुलगी अमेरिकेत शिकते. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. वर्गात वादविवाद आहे आणि विषय गर्भपाताच्या कायद्याचा: तो ज्या त्या राज्याने ठरवावा की नाही? तिच्या वाट्याला ‘ठरवावा’ ही बाजू आली होती. “बाबा, पॉइंट्स द्या ना,” ती म्हणाली. “तुमचा तर फेवरिट टॉपिक. ज्याचं घर त्याचे नियम.”

वाक्य माझंच होतं. सौदीत रास तनुराजवळ आम्ही अकरा वर्षं काढली. मी रिफायनरीच्या एका कंत्राटी कंपनीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. शुक्रवारी दुपारी आमच्या क्वार्टरमध्ये चार मराठी घरं जमायची आणि जेवण होईपर्यंत मी नाकाने कांदे सोलायचो. प्रत्येक देशाला आपला कायदा करायचा हक्क आहे, पटत नसेल त्याने आपल्या देशात जावं, तिकीट काही महाग नाही. वादात मी कुणाला ऐकलो नाही. बायका आतल्या खोलीत पोळ्या लाटत असायच्या. त्यांचं मत विचारावं असं मला कधी सुचलंही नाही.

मुलगी सहावीत असताना बायकोला पुन्हा दिवस गेले. आम्ही खूश होतो. सोळाव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली आणि इजिप्तच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाहेरून आत बोलावलं. बाळाची कवटी तयारच झालेली नव्हती. ते जगणार नव्हतं. त्या म्हणाल्या, “तीन डॉक्टरांची समिती सोमवारी बसते. गर्भ राहिल्यापासून एकशेवीस दिवस व्हायच्या आत असं बाळ असेल तर इथे परवानगी मिळते. नंतर मिळत नाही. तुमची सही लागेल.”

गाडीत बसल्यावर बायको म्हणाली, “इथेच करू या. मला आता लांब कुठे नको.”

मी नाही म्हणालो. या देशात, समितीपुढे, परक्या लोकांत? शिवाय क्वार्टरमध्ये बभ्रा झाला असता. आपला कायदा मोकळा आहे, वीस आठवड्यांपर्यंत चालतं, नाशिकला तुझी आई आहे. मी तिला आठवडे मोजून दाखवले. ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि मी ते होकार म्हणून धरलं.

सौदीतून बाहेर पडायलाही व्हिसा लागायचा आणि त्यासाठी इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, चालू असावा लागायचा. माझा संपत आला होता आणि बायकोचा माझ्यावरच होता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी लाल पेनने तारीख घेरून ठेवली होती, अजून दहा दिवस होते. सगळे कागद एकदमच देऊ म्हणून मी तिकिटं, रजा, मुलीची शाळा असं आधी आवरत बसलो. आठ दिवसांनी निघायचं ठरवलं होतं. मग पाच दिवसांनी, कागद द्यायला जायच्या आदल्या दिवशी आमचे रत्नागिरीचे स्टोअरकीपर चाचा सहज माझं कार्ड बघत म्हणाले, “साहेब, ही तारीख चांदाची हाय. तुमचा इकामा संपून सहा दिवस झाले.”

हिजरी वर्ष अकरा दिवसांनी लहान असतं हे मला ठाऊक होतं. तिथे राहणाऱ्या कुणाला ठाऊक नसतं? पण गेल्या वर्षी ज्या इंग्रजी तारखेला संपला, त्याच तारखेला यंदाही संपेल असं धरून मी वर्तुळ काढलं होतं. मिलिमीटरचा फरक पकडण्याचा पगार घेणारा माणूस मी.

तरीही चाललं असतं. पण ती सौदीकरणाची वर्षं होती. कंपनीत किती सौदी आहेत त्यावरून सरकार तिला रंग द्यायचं, आणि लाल रंगातल्या कंपनीतल्या परदेशी माणसाचा इकामा नवा होत नसे. माझा इकामा खरोखर संपला तेव्हा आमची कंपनी लाल झाली नव्हती. मी कागद घेऊन गेलो, त्याच्या दोन दिवस आधी झाली. “बुक्रा,” म्हणजे उद्या, असं सरकारी कामं बघणारा माणूस रोज सांगायचा. चार सौदी मुलं कामावर घेतली की रंग बदलेल. मी विश्वास ठेवला.

असे आणखी दोन आठवडे गेल्यावर मी बायकोला घेऊन त्याच इस्पितळात गेलो. म्हटलं, करतो सही, बसवा समिती. बाईंनी दिवस मोजले, पुन्हा मोजले. एकशेवीस होऊन गेले होते. त्यांनी बायकोला पाणी दिलं.

विसावा आठवडा क्वार्टरमध्येच उलटला. इकामा झाला, व्हिसा झाला, आम्ही नाशिकला पोचलो तेव्हा एकविसावा संपत होता. तिथल्या डॉक्टरांनी तेव्हाच्या कायद्याचं पान उघडून दाखवलं. आता कोर्टात जावं लागेल, म्हणाले. बायको म्हणाली, “नको. आता आणखी कुणाला विचारायचं नाही.”

मी तिला माहेरी सोडून कामावर परतलो. तिने ते बाळ पूर्ण दिवस वाढवलं. शेजारणी कितवा महिना विचारायच्या आणि ती बरोबर महिना सांगायची. मुलगी झाली आणि पाऊण तास जगली. मी तेव्हा विमानात होतो.

दोन्ही देशांचे कायदे आपापल्या जागी होते. दोन्हीकडे तिला वाट होती, आणि मी तिला दोन्हींच्या मधे नेऊन उभं केलं. शुक्रवारच्या गप्पांत मी पुन्हा तोंड उघडलं नाही. पण तिची माफीही मागितली नाही. आज मागू, उद्या मागू करत वर्षं गेली.

मुलीला मी म्हणालो, “मुद्दे आईला विचार.” बायको मटार सोलत होती. मी फोन स्पीकरवर टाकून तिच्यापुढे ठेवला. बाळ जगलं नाही एवढंच मुलीला माहीत होतं. बायकोने तिला सगळं सांगितलं, आठवड्यांसकट, अगदी सरळ आवाजात. माझ्याबद्दल एक वाकडा शब्द नाही. मग मुलीने विचारलं, “आई, पण तुला काय हवं होतं?”

बायकोचे हात थांबले. “मी गाडीतच सांगितलं होतं,” ती म्हणाली. “इथेच करू या म्हणून.”

मी शेजारीच बसलो होतो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पुढची शेंग उचलली.