साबुदाण्याएवढी पेस्ट

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशीही नाही. मग आताच का, असं विचाराल तर — मागच्या महिन्यात क्लासवाल्यांनी मला निरोप दिला. एका जुन्या विद्यार्थ्याने माइक हातात घेऊन सांगितलं की मॅडमनी आम्हाला फिजिक्स तर शिकवलंच, पण त्याहून जास्त खरं बोलायला शिकवलं. टाळ्या पडल्या. मला इतका वैताग आला — त्या पोराचा नाही, माझाच — की घरी आल्यावर मिळालेली शाल मी पिशवीतून बाहेरसुद्धा काढली नाही.

गोष्ट एका लॅपटॉपची आहे. हसू नका.

दहा-बारा वर्षं झाली असतील. लातूरमधल्या एका क्लासमध्ये मी शिकवत होते. मे महिना, क्रॅश कोर्स, दर दिवसाआड एक टेस्ट, आणि पेपर काढायचे मी, घरच्या लॅपटॉपवर. तो लॅपटॉप तापायचा. म्हणजे किती? मांडीवर घेता यायचा नाही. पंखा मिक्सरसारखा ओरडायचा आणि पाच प्रश्न टाइप झाले की पडदा काळा. पुन्हा चालू करा, पुन्हा पाच प्रश्न, पुन्हा काळा. ज्याने हे सोसलंय त्यालाच कळेल, माणूस निर्जीव वस्तूला शिव्या का देतो ते.

मी तो गफ्फारभाईंकडे नेला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं लहानसं दुकान होतं. भूकंप झाला तेव्हा मी नवी नवरी म्हणून उमरीहून लातूरला आले होते, आणि हे गफ्फारभाई तेव्हा रेडिओ दुरुस्त करायचे. लोक घराबाहेर झोपत होते, बातम्यांसाठी जीव टांगणीला लागलेला, आणि हा माणूस रस्त्याच्या कडेला सतरंजी टाकून येईल त्याचा रेडिओ चालू करून देत होता. रेडिओ गेले, टीव्ही आले, मग लॅपटॉप आले. ते शिकत गेले. गफ्फारभाईंनी हात लावला म्हणजे काम झालं, असं सगळी गल्ली म्हणायची.

त्यांनी माझ्यासमोर लॅपटॉप उघडला, पंख्यातली धूळ उडवली, चिपवरची वाळून खडखडीत झालेली जुनी पेस्ट पुसली. चिपची उष्णता वरच्या तांब्याच्या पट्टीकडे जावी म्हणून मध्ये ही पेस्ट लावतात. नव्या पांढऱ्या पेस्टचा त्यांनी एक ठिपका ठेवला. एवढाच? मी विचारलं.

"हाव मॅडम, साबुदाण्याएवढी बास हाय. जास्त लावली की उलटं काम करती." मग स्क्रू पिळता पिळता, खाली बघतच म्हणाले, "आमची तहसीन तुमच्याच बॅचला हाय. तिसऱ्या बाकावर बसती. घरी आली की तुमचंच सांगत राहती."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत आले की मला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

लॅपटॉप बंद पडायचा थांबला. पण गरम लागायचाच. लातूरच्या मे महिन्यात काय गरम लागत नाही? नळाचं पाणीसुद्धा चटका देतं. पण माझ्या डोक्यात बसलं की पेस्ट कमी पडली. गफ्फारभाईंनी हात आखडता घेतला. नवरा नांदेडला नोकरीला, शनिवारी घरी यायचा. त्याला फोन करून तिथून पेस्टची ट्यूब मागवली. करड्या रंगाची. इंटरनेटवर व्हिडिओ बघितला, तोही अर्धाच, आणि रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप खोलून बसले. त्यांचा पांढरा ठिपका पुसून टाकला आणि पोळीला तूप लावावं तशी करडी पेस्ट चोपडली. कडेने ओघळली तरी चोपडली. झाकण लावताना पंख्याची बारीक वायर नीट बसली नाही, तेही दिसलं. बसेल, म्हटलं आणि स्क्रू पिळले.

आता बघा. वीस वर्षं मी फळ्यावर एक सूत्र लिहीत आले होते. उष्णता किती वेगाने वाहते ते — आणि त्यात जाडी असते छेदात. थर जाड, तर प्रवाह कमी. माझ्या हाताखालून गेलेलं कुठलंही पोर हे झोपेतून उठवलं तरी सांगेल. आणि मीच माझ्या टेबलावर... जाऊ द्या.

सोमवारी सकाळी पेपर पूर्ण करायला बसले आणि लॅपटॉप दहा मिनिटांत गेला. पुन्हा चालूच होईना. दुपारची टेस्ट रद्द झाली. दोनशे पोरं येऊन परत गेली आणि क्लासचे संचालक सगळ्यांदेखत मला म्हणाले, मॅडम, तुमच्याकडून हे? त्याच क्षणी माझ्या तोंडून निघालं की दुरुस्तीवाल्याने वाट लावली. ठरवून बोलले का? नाही. पण बोलल्यावर सुटल्यासारखं वाटलं, हे खरं आहे. आणि एकदा बोलल्यावर ते सांभाळत बसावं लागलं.

संध्याकाळी लॅपटॉप घेऊन दुकानात गेले. तीन-चार विद्यार्थी आधीच उभे होते. मी मोठ्या आवाजात सांगितलं, काल तुम्ही दुरुस्त केला, आज बंदच पडला. काल नव्हे, आठवडा झाला होता. गफ्फारभाईंनी स्क्रू काढले, पट्टी उचलली. आत माझी करडी पेस्ट सगळीकडे पसरलेली. त्यांची पांढरी होती. मी समोर उभी राहून ते बघत होते, आणि मी बघतेय हे त्यांना दिसत होतं.

"मॅडम, घरी कुणी खोललं व्हतं का?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी एकदा त्या पोरांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "मंग माझ्याच हातून काही राहिलं आसंल. बसा तुम्ही." आणि त्यांनी माझी पेस्ट पुसली, स्वतःची लावली, वायर बसवली आणि चालू लॅपटॉप माझ्या हातात दिला.

भांडला का नाही तो माणूस? तेव्हा मला याचाच राग यायचा. एक शब्द बोलला असता तर तिथेच सोक्षमोक्ष झाला असता. पण तो काय बोलणार होता? त्याची मुलगी माझ्या तिसऱ्या बाकावर बसत होती. हे कळायला काही विशेष अक्कल लागत नाही, आणि मला तेव्हाही ते कळत होतं.

दुसऱ्या दिवशी उष्णता वहनाचाच धडा होता. टेस्ट का रद्द झाली, हे पोरं कुजबुजत होती. मी फळ्यावर सूत्र लिहिलं, जाडीभोवती गोल केला आणि म्हटलं, आपल्या गल्लीच्या तोंडाशी एक रेडिओवाले आहेत, त्यांना हे कुणी शिकवलं नाही; पोळीला तूप लावावं तशी पेस्ट लावतात. वर्ग खदखदून हसला. मला बरं वाटलं. तिसऱ्या बाकाकडे मी बघितलं नाही.

पोरांनी हॉस्टेलात सांगितलं, हॉस्टेलातून गल्लीत गेलं. पुढच्या वर्षी समोर काचेच्या दाराचं नवं दुकान आलं आणि गर्दी तिकडे वळली. सगळं माझ्यामुळेच झालं, असं म्हणणं म्हणजेही मोठेपणा मिरवणं होईल. पण गफ्फारभाईंनी शटर ओढलं आणि ते त्याच काचेच्या दुकानात पगारावर कामाला लागले. अजून भेटतात. नमस्कार मॅडम म्हणतात. मीही नमस्कार म्हणते.

अजून एक राहिलं. खरं तर तेच सांगायला बसले होते, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं झालं.

आमच्याकडची पोरं मास्तरांच्या तोंडून पडेल ते सगळं वहीत उतरवतात. विनोदसुद्धा. न जाणो, त्यावरही प्रश्न यायचा. कोर्स संपताना मी वह्या तपासायचे. पोरी रांगेत उभ्या राहायच्या आणि मी पान उलटत लाल पेन फिरवायचे. तहसीन आली, वही उघडून समोर ठेवली. त्या दिवसानंतर तिने वर्गात मला एकही शंका विचारली नव्हती. वहीत सूत्र होतं, जाडीभोवती गोल होता आणि खाली, सुरेख वळणदार अक्षरात, तिने लिहिलं होतं — उदाहरण: रेडिओवाले पेस्ट जाड लावतात, त्यामुळे लॅपटॉप बंद पडतो.

ती माझ्याकडे बघत होती. मी ते वाचलं, पूर्ण वाचलं. मग त्याच्यापुढे बरोबरची खूण केली, खाली सही केली आणि मागच्या मुलीची वही घेतली.