झोपून काढलेली फिल्म

सासऱ्यांनी माझ्या कमरेच्या एमआरआयची फिल्म खिडकीच्या काचेवर धरली आणि तिच्यावर स्टीलची पट्टी लावली. सरकारी कारखान्यात जन्मभर मशीनं तपासून पास-नापास करणारा माणूस. रिटायर झाले तरी पट्टी खिशातच असायची. एकेका मणक्याच्या कडेला ती टेकवत ते खालपर्यंत आले. "सगळं सरी आहे, बरोबर आहे. एकही कड बाहेर नाही."

झालं, राजाजीनगरच्या आमच्या घरात निकाल लागला. नवऱ्याने फोनमधून डोकं वर काढलं. "बघ, उगाच टेन्शन घेत होतीस." स्वयंपाकाला बाई लावायची की नाही, हे या फिल्मवर ठरणार होतं, माझ्या सांगण्यावर नाही. महादेवपुऱ्याला ऑफिसला जाताना कॅबमध्ये, मग दिवसभर खुर्चीत, आणि परत येऊन पोळ्या लाटायला ओट्यावर वाकलं की कमरेत काय होतं, हे मी वर्षभर कंठशोष करून सांगत होते. घरच्यांच्या मते ती नाटकं होती.

पुढे पुढे मलाही माझ्या अंगाचा संशय यायला लागला, आणि सगळ्यात ओंगळ तेच होतं. एमआरआयच्या त्या बोगद्यात मला उताणं झोपवलं होतं, गुडघ्यांखाली मऊ उशी दिली होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच माझी कंबर दुखली नाही. नेमका तेवढा वेळ पकडून हे लोक त्याचा पुरावा करत होते. शी!

तिरमिरीत दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्या म्हणाल्या, "आडवं झाल्यावर कण्यावरचा भार उतरतो. उभं राहून आणि पुढे वाकून एक्स-रे काढू या." वाकले तेव्हा डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि तशातच फोटो निघाला.

ती फिल्म मी स्वतःच खिडकीला लावली. "अण्णा, बघा."

त्यांनी पट्टी टेकवली. खालून दुसरा मणका आपली जागा सोडून पुढे आला होता. त्यांनी पट्टी पुन्हा एकदा लावून पाहिली. "स्वल्प सरकलाय," मग पुटपुटले.

"लोड टाकून बघितल्याशिवाय तुम्ही एक तरी मशीन कधी पास केलंत का?"

"नाही." एवढंच म्हणून ते आत वळले. "अगं, स्वयंपाकाला बाई बघ."

सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "इतकं दुखत होतं तर आधी सांगायचं नाही का गं?"

मी फिल्म खिडकीवरून उतरवली. त्या सगळ्यांची किळस आलीच, पण स्वतःची जास्त आली. दवाखान्यात डॉक्टरांनी सरकलेल्या मणक्यावर बोट ठेवलं, तेव्हा मला आनंद झाला होता. पुढे ऑपरेशन लागेल का, चालता येईल का, काहीही मनात आलं नाही. माझं हाड जागचं हललंय म्हणून मी डॉक्टरांसमोर खुर्चीत बसून चक्क हसले होते.