बास म्हणालीस ना?

“बास म्हणालीस ना? मग घे!” असं म्हणत काकू ताटात आणखी एक पळी आमटी ओतायच्या. ऑकलंडच्या पापाटोएटो भागातल्या त्यांच्या घरी जेवायला गेलेल्या माणसाने चुकूनही ‘बास’ म्हणायचं नाही, हे ओळखीपाळखीत सगळ्यांना ठाऊक झालं होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना पानावरून उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागायचा. आग्रह करकरून वाढणारी माणसं तुम्हीही पुष्कळ पाहिली असतील. पण काकूंच्या आग्रहाला फ्रेंच भाषेचा आधार होता, आणि तो त्यांना मिळाला माझ्यामुळे.

२०१३-१४ च्या सुमाराची गोष्ट. काकू आणि मी एकाच फार्मसीत कामाला होतो. त्या कोथरूडच्या, साठीला टेकलेल्या, सगळ्यांत सीनियर. मी इथली परीक्षा पास होऊन नुकती रुजू झालेली. काका वारले होते आणि मुलगा हॅमिल्टनला, रोटोटुनात राहायचा. काकूंना ऐकू कमी येत होतं आणि पुढे आणखी कमी येत जाईल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. आधी बारीक आवाज गेले. फोनची रिंग गेली, कुकरची शिट्टी गेली, मग भावगीतं गेली. “बाई गातेय हे आता तिच्या तोंडाकडे बघून कळतं,” असं म्हणून त्या स्वतःच हसायच्या. मला काही हसू यायचं नाही.

आमचा एक माओरी पेशंट होता, धिप्पाड आणि फार प्रेमळ. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला तो जुनी व्हॅन घेऊन यायचा. व्हॅनमध्ये रेगे संगीत लावलेलं असायचं, इतकं मोठ्याने की आमच्या फळीवरच्या खोकल्याच्या बाटल्या थरथरायच्या. तो दारात येऊन “किया ओरा, आंटी!” म्हणायच्या आधीच काकू काउंटरवर तळहात टेकवून म्हणायच्या, “आला माझा पेशंट.”

“काकू, फोनची रिंग ऐकू येत नाही आणि व्हॅन बरी ऐकू येते?”

“रिंग कानाने ऐकावी लागते गं. हे हाताने येतं.”

त्याच्याकडूनच त्यांनी सीडी आणल्या. रेगेमधला तो खालचा, जाड आवाज त्यांच्या हाडांपर्यंत पोचत होता आणि बाकी कुठलंच संगीत आता पोचत नव्हतं. इतकं साधं कारण होतं. मुलाला मात्र ते पटेना. राहिलेलं ऐकणंही या दणदणाटाने जाईल, अशी त्याला भीती होती. “सीरियसली, आई, आता बास!” तो फोनवर ओरडायचा. काकू म्हणायच्या, “कान जपून ठेवून काय लोणचं घालायचंय?”

मग एक दिवस डबा खाताना त्यांनी बॉम्ब टाकला. “रेगेच्या कॉन्सर्टला जायचंय. तू चल.”

“इथेच ऑकलंडमध्ये हीप्स, ढिगाने होतात की, काकू.”

“इथे नको. मी नाचले तर बातमी माझ्याआधी रोटोटुनात पोचेल. न्यू कॅलेडोनियाला जाऊ, नुमेआला. सगळा फ्रेंच कारभार, आपलं चिटपाखरू नाही तिथे.”

मुलाला त्यांनी “समुद्रावर जातोय” एवढंच सांगितलं. नुमेआला समुद्र आहे, त्यामुळे ते खोटंही नव्हतं.

मैदानावर पोचल्यावर काकू जागच्या जागी थबकल्या. तिथल्या मूळच्या कनाक बायका, म्हाताऱ्याकोताऱ्यासुद्धा, पायघोळ, फुलाफुलांचे, सैल झगे घालून आल्या होत्या. “अगं, या तर गाऊन घालून आल्यात!” काकू हरखून म्हणाल्या. “आमच्या सोसायटीत गाऊनवर भाजीवाल्यापर्यंत गेलं तरी बायका बोलायच्या.” दुसऱ्या दिवशी त्यांनी तसाच एक गाऊन विकत घेतला आणि परत येताना विमानातही तोच घातला.

कॉन्सर्ट सुरू झाली. काकूंनी जांडल्स, म्हणजे इथल्या सपाता, काढून हातात घेतल्या आणि अनवाणी थेट स्पीकरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागे. माझे कान धडधाकट, त्यामुळे हाल माझे झाले. छातीत कोणीतरी कांडण काढतंय असं वाटायला लागलं. शेवटी न राहवून, शेजारी आवाजाची बटणं सांभाळत बसलेल्या जटाधारी माणसाकडे वळून मी दोन्ही हात हलवत ओरडले, “बास! बास!”

त्याचा चेहरा उजळला. “बास? ऊई, मादाम!” म्हणत त्याने एक बटण वर सरकवलं. आता जमीनच हलायला लागली. मी आणखी जोरात “बास!” ओरडले. त्याने अंगठा दाखवून आणखी वर सरकवलं.

फ्रेंचमध्ये बास म्हणजे खर्जाचा आवाज, हे मला नंतर कळलं. काकूंना तेव्हा काहीच कळलं नव्हतं, पण त्या वळून मला म्हणाल्या, “अगं, गिटार ऐकू आली मला!” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी ओरडणं थांबवलं.

घरी येऊन काकूंनी मुलाला सगळं कबूल केलं, बाससकट. त्यानंतर तो फोनवर “आई, बास!” म्हणाला की त्या खुशाल आवाज वाढवायच्या आणि मला सांगायच्या, “त्याचं फ्रेंच फार छान आहे.”

पण मुलाची भीती, डॉक्टरांचं भाकीत, काही म्हणा, ते खरं झालं. काही वर्षांनी काकूंचं ऐकणं पार गेलं. मुलगा त्यांना रोटोटुनाला घेऊन गेला. व्हॅनवाला येऊन “आंटी कुठेय?” विचारायचा, आणि मला काउंटरमागे उगाच कामात असल्यासारखं दाखवावं लागायचं.

एका रविवारी मी भेटायला गेले. मुलगा बाहेर गेला होता. काकू टीव्हीवरच्या खालच्या ओळी वाचत बसल्या होत्या. त्या सीडी कुठे आहेत, असं मी फोनवर टाइप करून दाखवलं. त्यांनी मान हलवली. “आता बास गं,” त्या म्हणाल्या, अगदी साध्या कोथरूडच्या मराठीत. जेवणाच्या टेबलावर इतरांना बंदी असलेला तो शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता.

मी तो फ्रेंच समजायचं ठरवलं. गॅरेजमध्ये मुलाचा बार्बेक्यूच्या वेळी लावायचा मोठा स्पीकर होता. तो ओढत मागच्या लाकडी डेकवर आणला, आडवा ठेवला, फोन जोडला आणि काकूंना हात धरून बाहेर नेलं. चपला काढायला लावल्या. सुरुवातीला त्यांनी माझ्याकडे चिडून पाहिलं. मग पायाकडे पाहिलं. मग डोळे मिटले.

थोड्या वेळाने मुलगा आला. कुंपणावरून शेजारी डोकावत होता. मुलाने त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे. त्या डुलत होत्या. त्याने बूट काढले, मोजे काढले आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “बास.”

“कुठल्या भाषेत?” मी विचारलं.

“आईच्या.”

मी आवाज वाढवला.