शेवटच्या घरातलं शून्य

माझ्या बायकोच्या चुलतभावाने मला फसवलं. होडी विकताना फसवलं, आणि तेही हसत हसत.

मी गुहागरकडचा. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या होड्यांवर खलाशी म्हणून राबलो, मग ही छोटी होडी पूर्णगडला त्याच्याकडून घेतली. तिथलं पाणी मला नवं. म्हणून घासाघीस करताना मी एका गोष्टीवर अडून बसलो: पाण्याखालचे खडक कुठे आहेत, त्या सगळ्या जागा मला पाहिजेत. खडकात गेलेलं जाळं परत येत नाही. त्याने त्या जागा वर्षानुवर्षं होडीवरच्या जीपीएस मशीनमध्ये साठवल्या होत्या.

"देतो की, भावोजी," तो लगेच म्हणाला. "कागदावर स्वच्छ लिहून देतो. आणि मशीनमधलं सगळं पुसून साफ करून देतो, अगदी नव्यासारखं."

इतक्या पटकन हो म्हणणाऱ्याशी मी कधी सौदा केला नव्हता. तिथेच थांबायला हवं होतं. पण मी इंजिनाचा आवाज ऐकत होतो, फळ्या ठोकून बघत होतो. मशीनचं सेटिंग बघितलं नाही.

घरी बसून आकडे मशीनमध्ये भरले. सोळा अंश, अठ्ठेचाळीस मिनिटं, शेवटी पंचेचाळीस. शेवटच्या घरात मशीन तीन आकडे मागत होतं, कागदावर दोनच. मी पुढे शून्य टाकलं, पंचेचाळीसचे चारशे पन्नास केले. प्रत्येक जागेला.

पहिल्याच फेरीला गावातला एक म्हातारा खलाशी बरोबर होता. तो होकायंत्राकडे बघायचा, मग किनाऱ्यावरच्या किल्ल्याकडे, परत होकायंत्राकडे.

"मालक, किल्ला या अंशावर आला की खाली खडक असतो."

"काका, खडक अर्धा किलोमीटर मागे राहिला. हे बघा मशीनवर."

"मशीनला कोणी सांगितलं?"

मी भडकलो. "उपग्रह सांगतो! तुमच्या डोळ्यांपेक्षा बराच वर आहे तो."

त्याने जाळं पाण्यात सोडलं. ओढताना जाळं अडकलं. दोघांनी जोर लावला, वर आलं ते अर्धं, चिंध्या होऊन. म्हाताऱ्याने माझ्याकडे न बघता उरलेलं गोळा केलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. जेवता जेवता उठतो, तो कागद काढतो, पुन्हा ठेवतो. असाच एकदा बघताना लक्षात आलं: अख्ख्या पानावर शेवटचा आकडा कुठेच साठावर जात नाही. ते सेकंद होते, मिनिटाचे साठ भाग. माझं मशीन मिनिटाचे हजार भाग धरत होतं. पंचेचाळीस सेकंद म्हणजे पाऊण मिनिट. मी भरलं होतं अर्ध्याहूनही कमी.

चुलतभावाला फोन केला. तो म्हणाला, "भावोजी, आकडे खोटे आहेत का? खिळ्याखिळ्यावरून भांडलात, हे नाही विचारलंत?"

बायको म्हणते, त्याला एवढी अक्कल नाही. साफ करताना सेटिंग आपोआप बदललं असेल. असेल. पण मी त्याच्या नव्या होडीवर जाऊन बघून आलो. तिथलं मशीन त्याने घेतल्या घेतल्या सेकंदांवर लावून घेतलंय. म्हणजे नवं मशीन आपसूक हजार भागच दाखवतं, हे त्याला ठाऊक आहे.

येत्या रविवारी तो आमच्याकडे जेवायला येणार आहे. यावं. म्हाताऱ्या खलाशालाही मी बोलावलंय. पानावर बसण्याआधी चुलतभावाने म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघून सांगावं: मशीन 'नव्यासारखं' करून देताना हे तुला आठवत होतं की नव्हतं?